रजिस्टरातले सहा

नवी पेठ, पुणे

अनेक आशीर्वाद.

काल तू गेल्यावर मी अभ्यासिकेचं रजिस्टर उघडून बसलो. गेल्या आठवड्यात रोज तुझ्या सहीपुढे ६.०० लिहिलंय. मंगळवारी तुझ्या वरच्या ओळीत त्या फलटणच्या मुलीने ६.५० लिहिलंय. सहाला आलेला माणूस सहा पन्नासच्या खाली सही कशी करतो? मी एकोणतीस वर्षं भोसरीत इन्स्पेक्शनला काढली आहेत रे. खोटी नोंद मला वासावरून कळते, कारण मीही केल्या आहेत.

टपरीवर चहाचा ग्लास गार होईपर्यंत धरून बसलास आणि म्हणालास, ‘काका, काय करावं कळत नाही.’ तेव्हा गर्दी होती म्हणून बोललो नाही. तुला कळतंय. कधीचं कळतंय. कळल्याची तारीख तेवढी तू लपवतो आहेस.

वडिलांना तू सांगितलंस की निकाल अजून लागायचाय. त्यांचाही विश्वास बसला, आणि का बसू नये? लोकसेवा आयोगाची २८ एप्रिल २०२४ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे जात जात २५ ऑगस्टवर आली, त्याच दिवशी बँकेचीही परीक्षा निघाली, तुम्ही पोरं शास्त्री रस्त्यावर रात्रभर बसलात आणि शेवटी पेपर झाला १ डिसेंबरला. आयोगाच्या तारखा सरकतात हे केज तालुक्यातल्या तुझ्या वडिलांनाही पाठ झालंय. त्या खऱ्या उशिराच्या आड तू तुझा खोटा उशीर उभा केलास. हुशारी आहे, नाही म्हणत नाही. पण निकाल लागलाय, तुझा नंबर त्यात नाही, आणि २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ असताना बाजारात त्याहून कमीनं विकून आलेला माणूस दर महिन्याला तुला सात हजार पाठवतोय. कशासाठी? न लागलेल्या निकालाची वाट बघण्यासाठी.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि तू वैतागेपर्यंत ते मी सांगणार आहे: ज्या दिवशी कळलं त्या दिवशी सांग. खरी तारीख घाल.

तुझ्या खोलीत कॉटच्या डोक्याशी चिकटवलेलं ते वेळापत्रक पाहिलं मी. साडेचारला उठणे, ध्यान, थंड पाण्याने आंघोळ, मोबाइल बंद, रोज दहा पानं इंग्रजी. तीन रंगांची स्केचपेनं. ते फाडून टाक. स्वतःला सुधारायचं म्हणून तू दर सोमवारी नवा जन्म घेतोस आणि गुरुवारी त्याचं तेरावं घालतोस. तुझा खरा आजार त्या कागदावर कुठेच नाही. सीसॅटला, म्हणजे गणित-बुद्धिमत्तेच्या त्या पेपर दोनला, पात्र व्हायला २००पैकी ६६ लागतात. तुला पडले ६१.२५. मग पेपर एकमध्ये कितीही काढलेस तरी उपयोग शून्य. आणि तू मेसमध्ये सगळ्यांना सांगतोस, ‘थोडक्यात कटऑफ हुकला.’ कटऑफपर्यंत पोचलासच कुठे? तूच दाखवलेल्या कागदावर मी हिशेब केला. अठ्ठावीस बरोबर, म्हणजे सत्तर गुण. चौदा चूक, म्हणजे पावणेनऊ वजा. त्या चौदा जागा कोऱ्या सोडल्या असत्यास तर पात्र होतास! जे येत नाही ते येतंय असं दाखवायला गेलास. गणिताला घाबरतोस म्हणून आधुनिक इतिहास चौथ्यांदा वाचतोयस, आणि त्याला अभ्यास म्हणतोस.

आणि इतिहास तरी काय वाचलास? गोखले म्हणजे मवाळ, १९०५, भारत सेवक समाज; चार पर्यायांत खूण करायची आणि पुढे जायचं. १८९७ साली ते विलायतेत होते. पुण्यात प्लेगची घरझडती चालू होती, इथून गेलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी तिथे गोऱ्या सोजिरांवर बायकांच्या विटंबनेचे आरोप केले. परत आल्यावर सिद्ध करायची वेळ आली, पुरावा मिळेना. त्यांनी जाहीर माफी मागितली, आणि पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगितली नाहीत. गावानं भ्याड म्हटलं. वय किती होतं? एकतीस. तुझ्याहून चार वर्षांनी मोठे. माफी मागायला नको होती असं म्हणणारे आजही भेटतात, माझ्या सकाळच्या फिरायच्या गटात दोघं आहेत, त्यांच्याशी मी या विषयावर आता बोलत नाही. मला त्यात एकच दिसतं: माझ्याकडे पुरावा नाही हे ज्या दिवशी कळलं, त्यानंतर माणसानं घोळ घातला नाही.

आता माझं ऐक. १९८६ची गोष्ट. बुशचा एक लॉट डिस्पॅचला उभा होता, आणि ज्या प्लग गेजने, म्हणजे भोक तपासायच्या मापाने, तो तपासायचा त्याच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता पडताळणीची, मुदत संपून तीन आठवडे झाले होते. वरचे साहेब म्हणाले, ‘मागची तारीख टाका, गेजला काय होतंय?’ मी टाकली. गेजला खरंच काही झालं नव्हतं. बुश बरोबर होते, कुणी मेलं नाही, तक्रार आली नाही. काहीच झालं नाही, तेच वाईट झालं. दुसऱ्या वेळी साहेबांना सांगावंही लागलं नाही, माझा हात आपोआप मागच्या तारखेवर गेला. आणि हात कारखान्यात ठेवून घरी येता येत नाही.

१९९१मध्ये धाकट्या भावाला धनकवडीत फ्लॅट बुक करायचा होता. चाळीस हजार मागितले. तो जिन्यात उभा असतानाच मी ठरवलं होतं की द्यायचे नाहीत. मुलीच्या नावाने ठेवलेले होते, मोडायचे नव्हते. म्हणालो काय? ‘बघतो.’ मराठीत याच्याइतका लबाड शब्द दुसरा नाही. आठ महिने बघत होतो. तो येई, चहा घेई, विषय न काढता जाई. शेवटी बिल्डरने भाव वाढवला आणि बुकिंग गेलं. तेव्हा तो एवढंच बोलला, ‘दादा, पहिल्या दिवशी नाही म्हणाला असतास तर मी सासऱ्यांना विचारलं असतं.’ पैसे न दिल्याचा राग त्याला कधीच नव्हता. अजून दिवाळीला येतो. दारातल्याच खुर्चीवर बसतो, आत येत नाही.

म्हणून त्या मुलीला जे ‘निकालानंतर बोलू’ म्हणून टांगून ठेवलंयस, ते माझ्या ‘बघतो’चंच भावंड आहे. तिच्या घरी स्थळं येतायत. तुला लग्न करायचं असेल तर तसं सांग, आत्ता हिंमत नसेल तर तेही सांग. ती तिचं बघेल. तिचे महिने तुझ्या खिशात ठेवायचा तुला काय अधिकार?

तू म्हणशील, काका, खरं बोलून तुम्हाला काय मिळालं? विचार. माझ्या वडिलांपासून सांगतो. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आम्ही नारायण पेठेत नदीकडच्या वाड्यात, मी आठ वर्षांचा. भरपाईसाठी नुकसानीची यादी लिहून द्यायची होती. लोकांनी नसलेलं सोनं लिहिलं. वडिलांनी लिहिला पितळी स्टोव्ह, दोन घागरी, चार गोधड्या. आठ दिवसांनी जिन्याखालच्या चिखलात स्टोव्ह सापडला, तर हे गृहस्थ जाऊन यादीतून तो खोडून आले! आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तेव्हा मला ते वेडे वाटले होते. आवाक्यात यायला मला पन्नाशी लागली.

पन्नासाव्या वर्षी मी मागच्या तारखेवर सही करायला नकार दिला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मला स्टोअरला टाकलं, तिथे नटबोल्ट मोजायला. २००३मध्ये व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन बाहेर पडलो. लोक म्हणाले ताठपणा नडला. नडू दे. माझी चूक नव्हती. घर पुढची सहा वर्षं बायकोच्या पोळ्यांच्या ऑर्डरींवर चाललं, रोज दीडशे पोळ्या, तव्याच्या वाफेने तिचा चष्मा धुकट व्हायचा. ती अजून म्हणते, ‘तारीख तुमची खरी, पण पीठ माझं.’ यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण तिच्यासमोर सुचत नाही.

आणि आता लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो. व्हीआरएसच्या अर्जावर सही केली तो मंगळवार होता. तिला सांगितलं शनिवारी. मधे तिच्या भावाकडे मुंज होती, म्हटलं कार्य पार पडू दे. चार दिवस डबा घेऊन निघत होतो आणि संभाजी बागेत बसून परत येत होतो. कारण योग्यच होतं असं मला आजही वाटतं. तिला वाटत नाही. बावीस वर्षं झाली, ती त्या मुंजीचा फोटो भिंतीवर लावू देत नाही.

वडिलांना आज रात्री फोन कर. मेसमधून नको, तिथे ताटं आपटतात. ओंकारेश्वराकडे नदीकाठी जा. सांगताना ‘पण’ लावू नकोस. पण आयोगाने, पण पॅटर्न बदलला, पण पेपर अवघड होता. आधी निकाल, मग गुण, मग गप्प बस. ते काय बोलतील ते ऐक. कदाचित काहीच बोलणार नाहीत, तेही ऐक. पुढच्या परीक्षेला बसायचं की गावी परत जायचं की इथेच नोकरी बघायची, हे मी सांगणार नाही. तो निर्णय खऱ्या आकड्यांवर होतो, आणि खरे आकडे सध्या तुझ्याखेरीज फक्त माझ्याकडे आहेत. माझा काय उपयोग?

आणखी एक. मार्चपासूनची तुझी अभ्यासिकेची फी बाकी आहे. तू म्हणालास ‘पुढच्या सोमवारी’, मी म्हणालो ‘बघू’. दोघेही खोटं बोललो. पैसे नसतील तर नाहीत म्हण. सकाळी झाडून खिडक्या उघडायला मला माणूस हवाय, त्यात फी वळती करू. पण सहाला. घड्याळातल्या सहाला.

तुझा,
काका