स्टँडजवळच्या कॉम्प्लेक्सचे वरचे मजले वर्षानुवर्षं रिकामे आहेत, त्यांचं काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की खालचे गाळे चालतात पण वरचे दोन मजले सात-आठ वर्षं शटर पाडून पडलेत. आमच्या तालुक्याच्या गावात अगदी हेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे वरच्या मजल्यावर दुकान चालवायचा हट्ट सोडा. बाजाराच्या दिवशी माणूस हातात पिशव्या आणि कडेवर लेकरू घेऊन फिरतो, तो मोबाईल कव्हर बघायला दोन जिने चढत नाही, आणि तेच खाली दहा दुकानांत मिळत असेल तर मुळीच नाही. तरी मालक वरच्या गाळ्यालाही खालच्यासारखंच डिपॉझिट मागत बसतात, मग कुलूप गंजतं. वर असं काहीतरी पाहिजे जिथं माणूस ठरवून येतो आणि तीन-चार तास बसतो.

आमच्याकडे सुरुवात अभ्यासिकेनं झाली. पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची, एमपीएससीची पोरं घरात जागा नाही म्हणून देवळाच्या ओट्यावर पुस्तकं घेऊन बसायची. आम्ही चार-पाच जणांनी मिळून शेजारशेजारचे चार गाळे भाड्यानं घेतले, मालकांना विचारून आणि इंजिनिअरला दाखवून मधल्या चार इंची भिंती काढल्या (कॉलम-बीमला अजिबात हात लावायचा नाही), टेबलं, पंखे, वायफाय, झालं. पोरं लगेच आली पण मुली येईनात. दोन महिने आम्ही फी कमी करून बघितली, वेळ बदलून बघितली, शेवटी एका मुलीनं सरळ सांगितलं, दादा इथं बाथरूम कुठंय? मजल्यावर एकच होतं, त्यात खालच्या दुकानदारांची खोकी भरलेली आणि पाणी नाही. ते रिकामं केलं, मुलींसाठी वेगळं बांधलं, टाकी जोडली, जिन्यात लाईट लावले, आणि महिन्याभरात सकाळच्या वेळेला मुलीच जास्त दिसायला लागल्या. मला विचाराल तर रिकाम्या इमारतीत सगळ्यात आधी पैसा संडास, पाणी आणि जिन्यातल्या उजेडावर घाला, रंगरंगोटी नंतर.

मग बाकीचं आपोआप जमत गेलं, शेजारी झेरॉक्सवाला आला, एक काकू डबे द्यायला लागल्या, पलीकडच्या दोन गाळ्यांत बचत गटाच्या बायकांनी शिलाई मशिनी टाकल्या. रस्त्यावरून कोणी आत डोकावलं नाही तरी शिलाईचं काही अडत नाही, काम ऑर्डरवर चालतं.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. मे 2019 मध्ये सुरतला तक्षशिला नावाच्या कॉम्प्लेक्सला आग लागली, वर क्लास भरलेला, खाली उतरायला वाट नाही, पोरांनी वरून उड्या मारल्या, 22 जीव गेले. जुलै 2024 ला दिल्लीत क्लासच्या तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी घुसून तिघं गेले. त्यामुळे तळघरात माणसं बसवूच नका, ते गोडाऊन-पार्किंगच राहू द्या. वर अभ्यासिका करायची तर उतरायला दुसरा जिना पाहिजे, खिडक्यांवरचे मोठे फ्लेक्स काढा, आणि दुकानाच्या जागेत क्लास करताय तर नगरपरिषदेकडून वापर बदलाची परवानगी आणि फायरचं काय लागतं ते लेखी विचारून घ्या. राज्याचा अग्निसुरक्षेचा कायदा 2006 चा आहे, त्यात जबाबदारी मालकाची आणि जागा वापरणाऱ्याची, दोघांचीही आहे.

करार अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करा. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी नको असं बरेच जण सांगतील, ते चूक आहे, आपल्याकडे 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लेखी आणि नोंदणीकृत करार लागतोच. जागा बळकावली जाईल ही भीती मालकांना असते, म्हणूनच ते रिकामी ठेवतात, आणि नोंदवलेला करार समोर ठेवला की त्यांचा सूर बदलतो हे मी स्वतः बघितलंय. गाळे नगरपरिषदेचे असतील तर थेट मुख्याधिकाऱ्यांना भेटा, पण सोबत वीस-पंचवीस पोरांच्या सह्यांचा अर्ज न्या.

तुमच्या कॉम्प्लेक्सला दुसरा जिना आहे का आणि वर पाणी चढतं का, एवढं बघून कळवा, मग पुढचं सांगतो.