चिठ्ठीवरचं प्रश्नचिन्ह

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत आहे. इंदूरमध्ये भंवरकुआँला कोचिंग लावलं आणि दोन-तीन महिन्यांत पार बदलला. आतापर्यंत तीन डॉक्टर झाले. एकांनी डिप्रेशन सांगितलं, दुसऱ्यांनी बायपोलर, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अतिउत्साह, आणि तिसऱ्यांच्या चिठ्ठीवर ‘बायपोलर’च्या आधी नुसतं प्रश्नचिन्ह आहे. त्यांनाच कळत नसेल तर आम्ही भरवसा कुणावर ठेवायचा? — एक आई, राजेंद्रनगर

ताई, त्या प्रश्नचिन्हावरच ठेवा. तिघांत मला तेच जास्त प्रामाणिक वाटतं.

मनाच्या आजाराचं निदान रक्ताच्या रिपोर्टात उमटत नाही. थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन तपासतात ते शरीरातलं एखादं कारण सुटू नये म्हणून. नशेबद्दल विचारतात तेही त्याचसाठी, त्याचा राग मानू नका. पुढचं सगळं लक्षणांवर आणि ती किती दिवस टिकली यावर ठरतं. डिप्रेशन म्हणायला निदान 2 आठवडे सलग उदासी लागते, मेनिया, म्हणजे अतिउत्साहाचं टोक, म्हणायला साधारण 1 आठवडा. भास आणि संशय असतील, तर स्किझोफ्रेनिया हे नाव द्यायला अमेरिकी निकषांप्रमाणे 6 महिन्यांचा काळ बघावा लागतो. बायपोलरची सुरुवात पुष्कळदा डिप्रेशननंच होते, त्यामुळे पहिले डॉक्टर चुकलेच असं नाही. त्यांनी जे पाहिलं त्याला नाव दिलं.

पण हा फरक महत्त्वाचा आहे. बायपोलर असताना नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काही मुलं एकदम दुसऱ्या टोकाला जातात. म्हणून डॉक्टर थांबून बघताहेत.

तुमच्या हातात एक मोठं काम आहे. एक साधी वही घ्या. ‘विचित्र वागला’ असं लिहू नका, त्यातून डॉक्टरांना काही मिळत नाही. असं लिहा : ‘मंगळवार. रात्री 2 ला झोपला, 5 ला उठला, तरी थकवा नाही. दिवसभर बोलत होता, मध्ये बोललं की चिडायचा. घरी न विचारता मित्राला चार हजारांचे बूट ऑनलाइन मागवून दिले.’ असे पंधरा दिवस लिहिले तर तासाभराच्या भेटीत न दिसणारं दिसतं. तिन्ही डॉक्टरांचे कागद, कुठली गोळी कधी सुरू झाली आणि कधी बंद, सगळं एका फाइलमध्ये लावा, आणि आता डॉक्टर बदलू नका. पुढच्या भेटीत विचारा, ‘येत्या महिन्यात काय दिसलं तर तुमचं निदान पक्कं होईल, आणि काय दिसलं तर बदलेल?’ थोडा वेळ मुलाला एकट्याला आत बसू द्या. तुमच्यासमोर तो सगळं सांगणार नाही.

प्रश्न : मुलाला बरं वाटू लागलं म्हणून आम्हीच डिप्रेशनच्या गोळ्या थांबवल्या. सवय लागली तर? — एक वडील, सुदामानगर

डिप्रेशनच्या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी सवय लागत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी, झोपमोड होते, आणि आजार परत डोकं काढतो. आजच डॉक्टरांना फोन करून सांगा, बंद करायच्या तर तेच हळूहळू करतील. पुन्हा सुरू झाल्या, तर गुण यायला 2 ते 6 आठवडे धरा. सुरुवातीच्या दिवसांत मुलाकडे जास्त लक्ष ठेवा. पंचविशीच्या आतल्यांमध्ये काहींच्या मनात या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, आणि अमेरिकेच्या औषध नियामकानं 2004 मध्ये मुलांबाबत तसा इशारा दिला होता.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची. मेच्या उन्हातही पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालते. परवा कपडे वाळत घालताना बाहीला आतून रक्ताचे डाग दिसले. मी काही बोलले नाही. विचारलं तर तिच्या डोक्यात नको ते येईल का? — एक आई

नाही येणार. आत्महत्येबद्दल विचारल्यानं तो विचार पेरला जात नाही. मुलीला उलट वाटतं, कुणीतरी पाहिलं आपल्याला. आज संध्याकाळी, बाकीचे टीव्हीपुढे असताना, तिच्याजवळ बसा. ‘तुझ्या बाहीवर डाग पाहिले मी. रागावले नाहीये. कधी जगू नये असं वाटतं का गं?’ एवढंच, आणि मग गप्प बसा. ती रडली तर रडू द्या. शपथ घालू नका, ‘आम्ही काय कमी केलं’ म्हणू नका.

स्वतःला इजा करणारी सगळीच मुलं मरू पाहत नाहीत. पुष्कळजणी असह्य भावना तेवढ्यापुरती शांत करायला करतात. पण कोण कुठल्या गटात हे घरी बसून ठरवता येत नाही, म्हणून याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे जा. तोवर घरातली सगळी औषधं आणि कीटकनाशकं कुलपात. ती म्हणाली की मरायचं ठरवलंय, कसं तेही ठरलंय, तर सकाळची वाट बघू नका. तिला एकटी सोडू नका आणि थेट मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा. रात्री-अपरात्री बोलायला सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास असतो.

पोलिसांच्या भीतीनं कुणी दवाखाना टाळू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, उलट सिद्ध झालं नाही तर शिक्षा नाही. दाखल करावं लागलं तर अल्पवयीन मुलीला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि घरच्या माणसानं किंवा घरच्यांनी नेमलेल्या सोबतिणीनं पूर्ण वेळ तिच्यासोबत राहावं लागतं, हेही त्याच कायद्यात आहे.

प्रश्न : नातवासाठी खजराना गणपतीला नवस बोलले आहे. सूनबाई म्हणते, औषधच पुरे. आणि नातेवाइकांना काय सांगू? परवा हळदीकुंकवात सगळ्या विचारत होत्या. — आजी, लोकमान्यनगर

आजी, नवस अवश्य बोला, गोळीची वेळ मात्र चुकवू नका. दोन्हीत भांडण नाही. हळदीकुंकवात ‘तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत’ एवढं पुरे. आजाराचं नाव सांगायचं की नाही, हे नातू ठरवेल.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की हल्ली तो रात्री उठून शेव-कचोरी खातो. तो हावरट झालेला नाही. त्याला चालू असलेल्या गोळीनं भूक वाढते. रात्री त्याच्यासाठी भाकरी आणि ताक झाकून ठेवा, दर महिन्याला वजन करून वहीत लिहा आणि तो आकडा सूनबाईकडून डॉक्टरांपर्यंत पोचवा.