ठाण्याहून डिसेंबरमध्ये जैसलमेरला तारे बघायला जातोय, पहिल्यांदाच, टेलिस्कोप घेऊ का?

नका घेऊ, पहिल्या वेळी खरंच गरज नाही. १०×५० ची साधी बायनॉक्युलर पुरते. त्यापेक्षा तारीख बघा, अमावास्येच्या आसपासचीच धरा, चंद्र असला की एवढ्या लांब जाऊन अर्धं आकाश धुऊन निघतं.

आपल्याला घोडबंदरच्या गच्चीवरून मृग, व्याध, रोहिणी दिसतात तेवढ्यावर समाधान मानायची सवय असते, तिथे उलटं होतं, इतके तारे की ओळखीचा मृगसुद्धा पटकन सापडत नाही, म्हणून निघायच्या आधी आठवडाभर गच्चीवरून त्याचे एका ओळीतले तीन तारे पाठ करून जा, तिथे फार उपयोग होतो. त्या तीन ताऱ्यांच्या खालचा धुरकट ठिपका बायनॉक्युलरने बघा, तो तेजोमेघ आहे, तारे जन्मतात तिथे. आणि संध्याकाळी अंधार पडला की डोक्यावर देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह) नुसत्या डोळ्यांनी शोधा, तो उजेड साधारण २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, मला अजूनही हे सांगताना अंगावर काटा येतो.

ध्रुवतारा पण बघा हं, ठाण्यात तो क्षितिजापासून १९ अंशांवर असतो, जैसलमेरला जवळजवळ २७ वर, म्हणजे वर चढलेला सरळ जाणवतो.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात, एकदा मोबाईल उघडला की परत पहिल्यापासून, म्हणून टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावा, लाल उजेडाने ती सवय फारशी मोडत नाही. आणि स्वेटर, कानटोपी, जाड मोजे न्याच, वाळू रात्री पटकन गार पडते.