‘ऋण सोड’ की ‘क्षमा कर’?

येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ असं का म्हणतात, सरळ ‘आमच्या पापांची क्षमा कर’ का नाही, असा प्रश्न आला आहे. भाषांतर जुनं आहे म्हणून ही पैशांची भाषा आली का, अशी शंकाही सोबत आहे.

भाषांतर जुनं असेल, पण चुकीचं नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूचरित्राच्या) ६व्या अध्यायातल्या मूळ ग्रीक वाक्यात ‘ऋणे’ असाच शब्द आहे. लूकने आपल्या शुभवर्तमानात हीच प्रार्थना देताना तिथे ‘पापे’ लिहिलं. तरी पुढच्याच ओळीत त्यालाही ऋणको आठवतोच. आणि ‘सोड’चं ग्रीक क्रियापद तर अगदी रोजच्या वापरातलं. शिष्य जाळी ‘सोडून’ येशूमागे गेले, तिथेही तेच आहे. हातात धरलेलं सोडायचं, एवढंच.

‘क्षमा’चं घर वेगळं. संस्कृत ‘क्षम्’ म्हणजे सोसणे, समर्थ असणे. ‘सक्षम’ आणि ‘क्षमता’ त्याच कुळातले. म्हणून ‘क्षमा’ शब्द सोसणाऱ्याच्या बळाबद्दल बोलतो, येणं बाकी होतं की नाही याबद्दल गप्प राहतो. ‘माफ’ अरबीतून आला. शेतसारा माफ, फी माफ असं आपण म्हणतोच, त्यामुळे खरं तर तो ‘ऋण सोड’च्या जास्त जवळचा. प्रार्थनेत मात्र तो कचेरीतला वाटतो, हे मान्य.

मला गंमत वाटते ती सुडाच्या मराठीची. उट्टं फेडणं, हिशेब चुकता करणं, व्याजासकट परत करणं: सगळी वसुलीची भाषा! बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायातही प्रेषित पौल ‘स्वतः सूड घेऊ नका’ म्हणतो, तेव्हा देवाच्या तोंडी ‘मी फेड करीन’ असेच शब्द येतात. खातं खोटं आहे असं तो म्हणत नाही, वसुली तुमच्याकडे नाही असं म्हणतो.

आकडेही पाहा. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या ४थ्या अध्यायात, काईनाचा वंशज लामेख सत्त्याहत्तरपट सुडाची बढाई मारतो. मत्तयात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला सात वेळा क्षमा करू का? येशूच्या उत्तरात ग्रीकमधला जो आकडा येतो, तोच जुन्या कराराच्या (बायबलच्या पहिल्या भागाच्या) प्राचीन ग्रीक भाषांतरात लामेखच्या तोंडी आहे. मराठीत एकीकडे ‘सत्त्याहत्तर’ आणि दुसरीकडे ‘साताच्या सत्तर वेळा’ झाल्यामुळे हा दुवा निसटतो, याची मला हळहळ वाटते. त्याच्या लगेच पुढे दहा हजार तालांताच्या कर्जदाराची गोष्ट येते. एक तालांत म्हणजे ६,००० दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एवढं कर्ज सुटलेला हा माणूस शंभर दीनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो.

म्हणून प्रार्थनेत ‘ऋण सोड’च राहू द्या. फक्त ‘त्याला सोडलं’ आणि ‘त्याला ऋण सोडलं’ यांत गल्लत नको. पहिल्यात गुन्हेगार मोकळा सुटतो; दुसऱ्यात धनको आपलं येणं सोडतो, आणि येणं होतं हे त्यातच कबूल असतं.