लेड पेंटचा रिपोर्ट हातात असताना ‘माहिती नाही’ लिहिता येईल का?

प्रश्न : न्यू जर्सीत आमचं १९२६ साली बांधलेलं घर आहे. २०१६ मध्ये पत्नीला दिवस गेले तेव्हा आम्ही रंगात शिसं (लेड) आहे का याची तपासणी करून घेतली. खिडक्यांच्या चौकटी आणि मागचा पोर्च इथे शिसं निघालं. मी स्वतःच त्यावर नवा रंग मारला. आता नोकरीसाठी टेक्ससला जायचंय. घर विकावं की भाड्याने द्यावं, ठरत नाही. रिअल्टर (घराचा दलाल) म्हणतो, ‘रंग मारलाय ना? मग लेड पेंटच्या खुलाशाच्या फॉर्मवर माहिती नाही अशी खूण करा.’ भाड्याने द्यायचंच झालं तर लहान मुलं असलेलं कुटुंब नको, म्हणजे कटकट नाही, असं मला वाटतं. चालेल का?

उत्तर : रिअल्टरचा सल्ला चुकीचा आहे, आणि तुमचा बेत त्याहून महागात पडेल.

आधी विक्रीचं बोलू. १९७८ मध्ये अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली. त्याआधी बांधलेल्या घरांसाठी १९९२ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्याखालचे नियम १९९६ पासून लागू आहेत. हा कायदा मागतो फार थोडं. घर तपासून घ्या असं तो म्हणत नाही, रंग खरवडून काढा असंही म्हणत नाही. जे माहीत आहे ते सांगा आणि जे कागद आहेत ते द्या, एवढंच. म्हणून तुमच्या गल्लीतले बरेचजण ‘माहिती नाही’ या चौकोनात खूण करतात आणि ते खरंही असतं, कारण त्यांनी कधी तपासलेलंच नसतं. तपासणारा बांधला जातो आणि न तपासणारा सुटतो, हा या कायद्यातला वाकडेपणा मला नेहमी खटकतो. पण कायदा आहे तो असा आहे.

फॉर्म एकदा नीट वाचा. विक्रेत्याला त्यात दोन वेगवेगळे प्रश्न असतात. पहिला : घरात लेड पेंट किंवा त्याचा धोका असल्याचं तुम्हाला माहीत आहे का? असेल तर खाली लिहा. दुसरा : यासंबंधीचे रिपोर्ट, नोंदी तुमच्याकडे आहेत का? असतील तर दिल्या का? तुमचं उत्तर दोन्हीकडे ‘आहे’ असंच येतं. ‘खिडक्यांच्या चौकटी व मागचा पोर्च, २०१६ चा रिपोर्ट जोडला आहे, त्यानंतर वर रंग दिला’ असं सरळ लिहा आणि रिपोर्ट पूर्ण जोडा, सोयीची पानं तेवढी नव्हे.

वरून रंग मारला म्हणून खालचं शिसं जात नाही. त्यातही खिडकी ही सगळ्यात वाईट जागा. तावदान वर-खाली करताना चौकटीवर घासतं, नवा रंग झिजतो, जुना उघडा पडतो आणि बारीक धूळ खालच्या पट्टीवर साचते. रांगणाऱ्या मुलाचे हात नेमके तिथेच जातात.

फॉर्मसोबत ईपीएची (केंद्राच्या पर्यावरण संस्थेची) माहितीपुस्तिका द्यायची, करारात ठरलेला इशारा छापलेला हवा, आणि खरेदीदाराला स्वतःची तपासणी करायला १० दिवस मिळतात. दोघांच्या संमतीने ही मुदत कमी-जास्त करता येते किंवा खरेदीदार ती सोडूनही देऊ शकतो. हे सगळं तो कराराने बांधला जाण्याच्या आधी झालं पाहिजे. क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवशी टेबलावर कागद सरकवून भागत नाही. ‘आहे तसं’ विकतोय असं करारात लिहिलं तरी सुटका नाही.

आणि लपवलं तर? जाणूनबुजून लपवल्याचं सिद्ध झालं तर खरेदीदाराला नुकसानाच्या तिप्पट रक्कम मागता येते. सरकारी दंड वेगळा, तो एकेका उल्लंघनाला आज २०,००० डॉलरच्या वर जाऊ शकतो. तपासणी करणाऱ्या कंपनीकडे तुमचा रिपोर्ट असू शकतो, वहिनींच्या ईमेलमध्ये असेल, तेव्हा ‘माहीत नव्हतं’ कोण मानेल? रिअल्टरही यातून सुटत नाही. विक्रेत्याकडून नियम पाळले जातील हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावरही टाकली आहे. त्याला रिपोर्ट ईमेलने पाठवा. मग तो ‘माहिती नाही’वर खूण करायला सांगेल असं वाटत नाही.

आता भाड्याचं. वरचाच खुलासा भाडेकरूलाही द्यावा लागतो, करारावर सही होण्याआधी. फक्त १० दिवसांची मुदत नसते. पण न्यू जर्सीत त्याच्या वर राज्याचा कायदा बसतो. जुलै २०२२ पासून १९७८ पूर्वीच्या भाड्याच्या घरांची, अगदी एका कुटुंबाच्या घरांचीही, दर ३ वर्षांनी किंवा भाडेकरू बदलताना लेडची तपासणी करावी लागते. ज्या गावांत मुलांच्या रक्तात शिसं जास्त आढळलंय तिथे धुळीचे नमुने पुसून घेतात, इतरत्र नजरेने पाहणी होते. पास झालात की ‘लेड-सेफ’ (शिशाचा धोका आढळला नाही असं) प्रमाणपत्र मिळतं, ते २ वर्षं चालतं. टाळाटाळ केलीत तर नोटिशीनंतर ३० दिवस मिळतात, मग आठवड्याला १,००० डॉलरपर्यंत दंड. ‘लेड-सेफ’ मिळालं म्हणून केंद्राचा खुलासा चुकत नाही. तो टळतो ‘लेड-फ्री’, म्हणजे रंगात शिसं नाहीच असं ठरलेल्या घराला, आणि तुमचं ते नाही.

मुलांचं कुटुंब नको म्हणणं मात्र डोक्यातून काढून टाका. मुलं आहेत म्हणून घर नाकारणं हा भेदभाव आहे, १९८८ पासून केंद्राच्या कायद्यातही. स्वतःचं एकटं घर ब्रोकरशिवाय देणाऱ्या मालकाला केंद्राचा कायदा थोडी पळवाट देतो. न्यू जर्सीचा देत नाही. लेडची काळजी हे कारणही टिकत नाही. जाहिरातीत ‘फक्त वर्किंग कपल’ हे आपल्याकडचं नेहमीचं वाक्य तर लिहूच नका. मुलं असलेल्या कुटुंबालाही खरं सांगा, रिपोर्ट द्या, निर्णय त्यांचा.

आणखी एक. तुम्ही राहत होता तोवर स्वतः रंग मारलात ते चाललं. घर भाड्याने गेल्यावर, २०१० च्या नियमानुसार, खिडक्या बदलणं किंवा एका खोलीत ६ चौरस फुटांहून जास्त जुना रंग उखडणं हे काम प्रमाणित कंत्राटदाराचं. सुट्टीत येऊन तुम्ही स्वतः घासकागद हातात घेतलात तरी तो नियम तुम्हाला लागतो.

माझं मत विचाराल तर विका. टेक्ससमधून हे सगळं सांभाळणं तुम्हाला जड जाईल. खुलासा पाहून खरेदीदार खिडक्यांचे पैसे कमी करून मागेल, त्यावर घासाघीस करा. करारावर सह्या झाल्यावर ॲटर्नी रिव्ह्यूचे, म्हणजे वकिलाकडून करार तपासून घेण्याचे, कामकाजाचे ३ दिवस मिळतात. त्यात तुमच्या वकिलाला हा फॉर्म आणि रिपोर्ट दोन्ही दाखवा. फॉर्मची सह्या झालेली प्रत क्लोजिंगपासून ३ वर्षं जपायची आहे; मूव्हर्सच्या खोक्यात न टाकता ती सोबत न्या.