सुपर मीट बॉय घेऊ की नको?

प्रश्न: सुपर मीट बॉय या उड्या मारत अडथळे पार करायच्या गेमचे व्हिडिओ बघून तो घ्यायची जाम इच्छा झालीये, पण मित्र म्हणतो तू वैतागून सोडून देशील, पैसे पाण्यात. माझा हात काही फार फास्ट नाहीये. त्यापेक्षा तसलाच दुसरा गेम, सेलेस्ट, घेऊ का? आणि कीबोर्डवर जमतं का?

उत्तर: गेम अवघड आहे हे मित्राचं खरंय, वैतागाचं मात्र तुमच्यावर आहे. अवघड गेममध्ये डोकं फिरतं ते बहुतेक वेळा मेल्यामुळे नाही, मेल्यानंतर वाट बघावी लागते, लोडिंग होतं, अर्धा रस्ता परत चालत यावं लागतं, त्यामुळे. इथे ती भानगडच नाही. वाटेतल्या फिरत्या करवतीवर आपटलात की क्षणात परत सुरुवातीला, नेहमीच्या लेव्हल्सना लाइफ मोजलेल्या नाहीत, आणि लेव्हल्स इतक्या छोट्या की नीट जमली तर बऱ्याचशा अर्ध्या मिनिटाच्या आत संपतात. वर लेव्हल पार झाली की तुमचे सगळे प्रयत्न रिप्लेमध्ये एकाच वेळी दिसतात, मांसाचे डझनभर गोळे (आपला मीट बॉय म्हणजे मांसाचा गोळाच) एकदम पळतायत, पटापट फुटतायत आणि शेवटी एकच पोचतो! मला तर त्या रिप्लेसाठीच गेम वसूल वाटतो.

हाताच्या स्पीडचं टेन्शन घेऊ नका. लेव्हल दर वेळी तीच असते, करवती ठरलेल्या टायमिंगनेच फिरतात, त्यामुळे चपळाईपेक्षा पाठांतर जास्त लागतं. खरी मेख उडीत आहे, बटण जितका वेळ दाबाल तितकी उडी उंच, आणि घाबरून आपण ते नेमकं जास्तच दाबून धरतो. व्हिडिओत दिसतात ते लोक तीच लेव्हल घोटून घोटून बसलेले असतात हो, त्यांच्याशी तुलना कशाला.

३०० च्या वर लेव्हल्स आहेत हे ऐकून दचकू नका, त्यातल्या बऱ्याच डार्क वर्ल्डच्या, म्हणजे दिलेल्या वेळेत साधी लेव्हल मारून ए प्लस हा शेरा मिळवलात तरच उघडणाऱ्या जास्त अवघड लेव्हल्स. नसतील खेळायच्या तर सोडा. पण अवघडपणा कमी करायचं सेटिंग मात्र नाही, आणि गोष्ट म्हणाल तर खलनायक डॉक्टर फीटस मीट बॉयच्या मैत्रिणीला, बँडेज गर्लला, पळवतो आणि आपण मागे धावतो, संपलं. गोष्टीसाठी गेम खेळत असाल तर हा नका घेऊ, सरळ सेलेस्ट घ्या.

सेलेस्ट २०१८ चा, म्हणजे मीट बॉयनंतर आठ वर्षांनी आलेला, आणि मनाने बराच मवाळ. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते, वाटेत तिची स्वतःच्याच मनाशी झटापट चालते, ती गोष्ट खरंच लागते मनाला. शिवाय असिस्ट मोड आहे, त्यात गेमचा स्पीड कमी करता येतो, स्टॅमिना, म्हणजे कड्याला धरून राहायची ताकद, अमर्याद करता येतो, अगदी मरणंच बंद करता येतं. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी घेऊ देतो बिचारा. फुकटात चव बघायची असेल तर याच मंडळींनी आधी पिको-८ वर (जुन्या धाटणीचे छोटे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) ४ दिवसांत बनवलेला छोटा सेलेस्ट ब्राउझरमध्ये खेळता येतो. त्यात पडून पडूनही हात परत कीजवर जात असेल तर मीट बॉय बिनधास्त घ्या, तुम्ही सोडणार नाही.

कीबोर्डवर सेलेस्ट मजेत खेळता येतो, आठ दिशांचा डॅश, म्हणजे झटक्यात मारायची झेप, असल्यामुळे काहींना तर तोच बरा वाटतो. मीट बॉय पीसीवर सुरू होतानाच कंट्रोलर वापरा म्हणून सांगतो आणि ते ऐकावं. टीव्हीला जोडणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड चालू करा, नाहीतर उडी उशिरा लागते आणि शिव्या गेमला बसतात.

स्टीम या पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर रिफंड मिळतो, म्हणून पहिल्याच दिवशी निवांत बसून खेळून बघा, मेनू चालू ठेवून जेवायला जाऊ नका, तोही वेळ धरतात. आणि घेताना नाव नीट वाचा, सुपर मीट बॉय फॉरएव्हर हा वेगळा गेम आहे, त्यात मीट बॉय आपोआप पळत राहतो, तुम्ही व्हिडिओत पाहिलेला तो नव्हे.