एफडी मोडून लिलावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ११ लाख घालू का?

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की नाशिकहून जुन्या नाण्या-नोटांचे ऑनलाइन लिलाव करता, वर्षाला साधारण १.२ कोटींचा माल विकला जातो, घेणाऱ्याकडून १० टक्के आणि माल देणाऱ्याकडून ५ टक्के धरून कमिशन १८ लाख, खर्च जाऊन हातात ९ लाख. आता भाड्याच्या सॉफ्टवेअरला पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा), टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), व्हॉट्सॲप, कुरियर, लॉट (लिलावातला एकेक नग) मंजुरीच्या स्टेप्स आणि मोबाइल ॲप जोडायचे ११ लाख अधिक जीएसटी असं कोटेशन आलंय, त्यासाठी १२ लाखांची एफडी मोडू का होम लोनवर टॉप-अप घेऊ?

दोन्ही नको. कारण आकड्यांतच आहे, बघा.

तुम्हीच लिहिलंय की बोली लावून पैसे न भरणारे ८ टक्के आहेत. डिपॉझिट भरल्याशिवाय बोलीच लावता येत नाही असं केलं आणि त्यातले निम्मे जरी सुधारले तरी ४.८ लाखांचा माल वाचला, पण तुमचं त्यातलं कमिशन किती, ७२ हजार. बिलं आणि टॅलीच्या एंट्र्यांत एक माणूस महिन्याला ६ दिवस अडकतो, २० हजार पगार धरला तर वर्षाचे ५५ हजार. झाले १ लाख २७ हजार. आणि एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचे पैसे, मागितलेत ११ लाखांच्या १८ टक्के, म्हणजे १ लाख ९८ हजार. मुद्दल सुटणं राहिलं बाजूला, दरवर्षी खिशातूनच भरायचं.

दुसरं म्हणजे गेटवे, ज्याबद्दल डेव्हलपर कधीच आपणहून बोलत नाही. कमिशन धरून १.३२ कोटी कार्ड-नेटबँकिंगनं आले आणि गेटवेचा दर २ टक्के असला तर २.६४ लाख तिकडेच गेले, १८ लाखांतले! वर डिपॉझिट परत केलं तरी त्यावर कापलेली फी बहुतेक वेळा परत येत नाही, आणि लिलावात हरणारेच जास्त असतात हो. त्यामुळे डिपॉझिट यूपीआयनं घ्या, तिथेही गेटवे स्वतःची फी लावतो का ते विचारून घ्या. मोठी बिलं एनईएफटी-आरटीजीएसनं, बँकेकडून प्रत्येक ग्राहकाला वेगळा व्हर्च्युअल अकाउंट नंबर घेऊन. पैसे कोणाचे आले ते आपोआप कळतं आणि टक्केवारी जात नाही. डिपॉझिटचं खातं वेगळंच ठेवा, ते पैसे तुमचे नाहीत, त्यातून भाडं-पगार भागवायची सवय लागली की रिफंडच्या वेळी घाम फुटतो.

मग करायचं काय, तर डिपॉझिट-रिफंड, व्हर्च्युअल अकाउंट आणि टॅली एवढंच आत्ता. याचे कोटेशनमध्ये वेगळे २.७५ लाख लिहिलेत, एएमसी साधारण ५० हजार पडेल, वर्षाला ७७ हजार सुटतील, म्हणजे साडेतीन वर्षांत वसूल. फार भारी नाही, पण बुडीतही नाही. लॉट मंजुरीत मात्र एक अट आत्ताच घालून घ्या: १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, तेव्हा अशा लॉटवर परदेशी पत्ता चालायलाच नको. दुबईचा मराठी ग्राहक कितीही ओळखीचा असला तरी. ॲप राहू दे, महिन्यातून एकदा लिलाव असतो, लोक ब्राउझरवर बोली लावतात की.

काम एपीआय आणि वेबहूकनं, म्हणजे दोन सॉफ्टवेअर एकमेकांना माहिती देतात त्या जोडण्यांनी, बाहेरून जोडून घ्या. मूळ सॉफ्टवेअरच्या कोडला हात लावला तर पुढच्या अपडेटला सगळं बोंबलणार आणि परत डेव्हलपरचे पाय धरा. या जोडणीचा सोर्स कोड तुमचा हे लेखी हवं, सर्व्हर तुमच्या नावावर, आणि शेवटचा हप्ता एक अख्खा लिलाव रिफंडसकट नीट पार पडल्यावरच.

पैसे: जीएसटी धरून ३.२५ लाख लागतील. जीएसटीचं क्रेडिट मिळेल, सॉफ्टवेअरवर ४० टक्के घसाराही आहे (वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्मा), सीएला विचारून तारीख ठरवा. एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, साधारण एफडीच्या व्याजापेक्षा १ टक्का जास्त पडतो आणि लिलावाचं कमिशन आलं की भरून टाकता येतो. टॉप-अप म्हणजे चार वर्षांत जुनं होणाऱ्या वस्तूचे हप्ते पंधरा वर्षं, तेही घर तारण ठेवून. आणि एफडी मुलीच्या पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनसाठी आहे हे तुम्ही पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलंय. ते पहिल्या ओळीत यायला हवं होतं. ओव्हरड्राफ्ट ॲडमिशनच्या आधी शून्यावर येत नसेल तर काम एक वर्ष पुढे ढकला.

उरलेल्या ८.२५ लाखांचा विचार कधी करायचा? महिन्याला दोन लिलाव भरतील एवढा चांगला माल संग्राहकांकडून यायला लागला तर. तो येतोय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवा, मग बघू.